विश्वकिरण, मेघ आणि पर्जन्य

सन १८७६ ते १८७८ या काळात दख्खनच्या पठारावर जो भीषण दुष्काळ पडला, त्याच्या कैफियती आणि तपशील सरकारी दफ्तरात जमा होत असतानाच, हिंदुस्थान सरकारच्या सांख्यिकी खात्याचे प्रमुख विल्यम विल्सन हंटर यांनी मद्रास येथील पर्जन्यमानाचे जुने आकडे बाहेर काढले आणि ते सूर्यबिंबावरील डागांच्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्राशी ताडून पाहिले. डाग कमी असतात त्या सुमारास मद्रासेत पाऊसही कमी पडतो, असे त्यांना आढळले. आणि १८७७ मध्ये ज्योतिर्विद नॉर्मन लॉकयर यांच्यासह सौर डाग व दुष्काळ या विषयावर लेख लिहून त्यांनी ही कल्पना विलायतेतील सुशिक्षित वाचकांपुढे मांडली. दुष्काळाची वर्षे जर आधी वर्तवता आली, तर तगाई, धान्याचा साठा आणि शेतसाऱ्याची सूट यांची तजवीज वेळीच करता येईल, ही आशा त्या काळच्या राज्यकर्त्यांना मोह पाडणारी होती यात नवल नाही. कोडाईकनालची सौर वेधशाळा १८९९ मध्ये उभी राहिली, तिच्या उद्दिष्टांतही सूर्य आणि मॉन्सून यांचा परस्परसंबंध उलगडण्याची आकांक्षा होती.

परंतु १९०४ पासून सुमारे वीस वर्षे हिंदुस्थानच्या वेधशाळांचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर हे मूळचे गणिती होते, आणि गणित्याच्या काटेकोरपणाने त्यांनी हे सहसंबंध पुन्हा तपासले, तेव्हा सौर डाग आणि पाऊस यांचे नाते अंदाज वर्तवण्याच्या कामी येण्याइतके बळकट नाही, असेच निष्पन्न झाले. या निराशेला एक तात्त्विक बाजूही होती. सूर्यापासून पृथ्वीला मिळणारी एकंदर ऊर्जा त्या अकरा वर्षांच्या चक्रात अवघी एक सहस्रांश इतकीच बदलते, हे पुढे उपग्रहांवरील मोजमापांनी ठरले. एवढ्या अल्प फरकाने पाऊस कमीजास्त व्हावा तर मध्ये असा कोणी मध्यस्थ हवा, की जो सूर्याचा लहानसा बदल पृथ्वीवर मोठा करून दाखवील. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही शास्त्रज्ञांनी या मध्यस्थाच्या जागी ज्यांची नेमणूक केली, ते म्हणजे विश्वकिरण.

विश्वकिरण हे नावाने किरण असले, तरी वस्तुतः ते द्रव्याचे अतिवेगवान कण आहेत. त्यांपैकी सुमारे नव्वद टक्के हायड्रोजनची अणुकेंद्रे, म्हणजे प्रोटॉन, असतात. उरलेल्यांत बहुतेक हेलियमची अणुकेंद्रे असतात आणि अगदी थोडी त्याहून जड मूलद्रव्यांची. त्यांतील बरेचसे आपल्या आकाशगंगेतील प्रचंड ताऱ्यांच्या स्फोटांतून निर्माण झालेल्या आघाततरंगांत वेग पावतात, असे मानले जाते. ऑस्ट्रियाचे व्हिक्टर हेस यांनी ७ ऑगस्ट १९१२ रोजी बोहेमियातून उड्डाण केलेल्या फुग्यात बसून पाच हजार मीटरहून अधिक उंची गाठली आणि तेथे उपकरणावरील विद्युत्भार जमिनीपेक्षा कितीतरी झपाट्याने गळून जातो असे पाहिले. त्यावरून हवा भेदून येणारे हे प्रारण जमिनीतून नव्हे, तर वरून येते असे अनुमान त्यांनी काढले, आणि त्याबद्दल १९३६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. असा एखादा प्रोटॉन वातावरणात शिरून हवेतील अणुकेंद्रावर आदळला, की त्या आघातातून नवे कण, त्या कणांतून आणखी कण, अशी वृष्टीच सुरू होते. या वृष्टीचे गणित बसवण्यात १९३७ मध्ये होमी भाभा आणि वाल्टर हाइटलर यांनी जी कामगिरी केली, ती आजही प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. या कणांच्या मार्गात हवेचे रेणू भंगून धन व ऋण भाराचे आयन तयार होतात. समुद्रसपाटीला दर घन सेंटीमीटरमध्ये दर सेकंदाला आयनांच्या एकदोन जोड्या, आणि पंधरा-वीस किलोमीटर उंचीवर त्याच्या कित्येक पट, असे हे उत्पादन अहोरात्र चालू असते. भर समुद्रावर तर हवेतील आयनांचा हाच जवळजवळ एकमेव उगम होय.

आता या आयनांचा मेघांशी संबंध काय, हे पाहू. स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस पर्वताच्या माथ्यावरील वेधशाळेत १८९४ च्या सप्टेंबरात काही दिवस काम केलेले तरुण पदार्थविज्ञानी सी. टी. आर. विल्सन धुके आणि ढगांवर उमटणाऱ्या प्रकाशाच्या कड्यांनी इतके मोहित झाले, की केंब्रिजला परतल्यावर काचपात्रात कृत्रिम ढग निर्माण करण्याचा उद्योग त्यांनी आरंभला. धूळ पूर्णपणे काढून टाकलेल्या दमट हवेचे एकाएकी प्रसरण केले असता तिच्यातील बाष्प आयनांभोवती थेंबरूपाने जमते, हे त्यांनी सिद्ध केले. आणि याच तत्त्वावर त्यांनी १९११ पर्यंत जी मेघकोठी परिपूर्ण केली, तिच्यात अणूहून लहान कणांचे मार्ग शुभ्र रेघांच्या रूपाने डोळ्यांना दिसू लागले. याच विल्सननी १९०१ मध्ये, म्हणजे हेस यांच्या अकरा वर्षे आधी, हवेतील आयन पृथ्वीबाहेरून येणाऱ्या प्रारणाने उत्पन्न होत असावेत अशी शंका बोलून दाखवली होती. परंतु रेल्वेच्या एका बोगद्यात रात्री उपकरण नेऊन पाहता तेथेही आयनांचे प्रमाण उतरलेले दिसेना, म्हणून त्यांनी तो विचार सोडून दिला.

मेघकोठी पाहिलेल्या मनुष्याला असे सहजच वाटेल, की जे काचपात्रात घडते तेच आकाशात घडत असणार, आणि विश्वकिरण वाढले की ढगही वाढणार. परंतु विल्सन यांच्याच मोजमापांनी या सोप्या अनुमानाला आडकाठी घातली आहे. नुसत्या आयनावर थेंब धरायचा, तर हवेत संपृक्ततेच्या सुमारे चौपट बाष्प असावे लागते. आणि निसर्गातील मेघात ते प्रमाण संपृक्ततेच्या वर एखाद्या टक्क्यापलीकडे क्वचितच जाते. याचे कारण असे, की निसर्गातील हवा विल्सनच्या काचपात्राप्रमाणे निर्मळ नसते. तिच्यात समुद्राच्या फेसातून उडालेले मीठ, जमिनीवरील धूळ, धूर, आणि गंधकयुक्त वायूंपासून बनलेले सूक्ष्म कण तरंगत असतात, व बाष्प चौपटीची वाट न पाहता त्यांच्यावरच जमते. ज्यांना सांद्रीभवनाची केंद्रे म्हणतात ते हेच कण होत, आणि त्यांच्यावाचून आपल्या वातावरणात एकही ढग बांधला जात नाही. तेव्हा विश्वकिरणांना मेघांच्या राज्यात प्रवेश मिळायचाच असेल, तर तो थेंबांच्या द्वारे मिळणार नाही; थेंब ज्यांवर बसतात त्या केंद्रांच्या निर्मितीत त्यांचा काही हात आहे काय, एवढाच प्रश्न उरतो.

अमेरिकेचे एडवर्ड नी यांनी १९५९ मध्येच विश्वकिरण आणि हवामान यांचा संबंध असू शकेल असे सुचवले होते. पण या कल्पनेचा खरा गाजावाजा झाला तो डेन्मार्कचे हेन्रिक स्वेन्समार्क आणि आयगिल फ्रीस-क्रिस्टेन्सन यांच्या १९९७ च्या निबंधाने. सूर्य क्षुब्ध असतो तेव्हा त्याच्यापासून वाहणारा सौरवात आणि त्याच्यासोबतचे चुंबकीय क्षेत्र बलवान होऊन बाहेरून येणाऱ्या विश्वकिरणांना अधिक अडवते, आणि सूर्य शांत असतो तेव्हा ते अधिक संख्येने पृथ्वीपर्यंत पोहोचतात, हे आधीच ठाऊक होते. उपग्रहांनी १९८० च्या दशकापासून नोंदलेले मेघाच्छादन या चढउताराबरोबर तीन ते चार टक्क्यांनी कमीजास्त होते, असे या दोघांनी दाखवले. हा आकडा लहान वाटला तरी त्याचा अर्थ लहान नव्हता. पृथ्वीचा सुमारे दोनतृतीयांश पृष्ठभाग कोणत्याही क्षणी ढगांखाली असतो. सखल ढग सूर्यप्रकाश परावर्तित करून पृथ्वीला थंड ठेवतात, आणि सर्व ढगांचा एकत्रित जमाखर्च काढला तर तो दर चौरस मीटरला सुमारे वीस वॅट इतका थंडाव्याच्या बाजूला पडतो. तेव्हा मेघाच्छादन तीनचार टक्क्यांनी खरोखरच बदलत असेल, तर सूर्याच्या क्षीण बदलाला पृथ्वीवर मोठा अंमल गाजवण्याची सनद मिळाली असेच म्हणावे लागले असते.

या सिद्धांताची परीक्षा करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे त्यातील प्रत्येक टप्पा निरनिराळा तपासणे. पहिला टप्पा असा: हवेतील गंधकाम्लाचे व इतर वाफांचे रेणू एकमेकांना चिकटून एकदोन नॅनोमीटरचा पुंजका बनवतात, तेव्हा तो पुन्हा विस्कटण्याची धास्ती फार असते, पण त्यात एखादा विद्युत्भार असला, तर त्याच्या आकर्षणाने पुंजका टिकून राहतो. हे खरे आहे का, हे पाहण्यासाठी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रात जॅस्पर कर्कबी यांच्या नेतृत्वाखाली 'क्लाउड' नावाचा प्रयोग २००९ पासून चालू आहे. त्यात सव्वीस घनमीटरच्या अतिशुद्ध पोलादी कोठीत जुन्या-नव्या वातावरणांतील वायू नेमक्या प्रमाणात भरून, कणवेगवर्धकातून निघालेल्या कणांचा झोत विश्वकिरणांचा प्रतिनिधी म्हणून त्यात सोडतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निष्कर्षांनुसार आयनांच्या उपस्थितीत नव्या कणांचे उत्पादन दोन ते दहा पटींनी वाढते. म्हणजे विश्वकिरणवाद्यांचा पहिला दावा प्रयोगाच्या कसोटीला उतरला. पण त्याच निष्कर्षांत अमोनियाचा लेशमात्र अंश हे उत्पादन शेकडो पटींनी वाढवतो, आणि गंधकाम्ल, अमोनिया व पाणी यांची सारी बेरीज केली तरी जमिनीलगतच्या हवेत प्रत्यक्ष आढळणाऱ्या कणांचा हिशेब लागत नाही, हेही स्पष्ट झाले.

कारण खरे असणे आणि कारण पुरेसे असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि या प्रकरणाचा सारा निवाडा त्या भेदावर अवलंबून आहे. दीड नॅनोमीटरचा पुंजका मेघबिंदूचे केंद्र होण्यास लायक ठरावा, तर त्याचा व्यास सुमारे पन्नास पटींनी, म्हणजे वस्तुमान सव्वा लाख पटींनी वाढावे लागते. आणि या वाढीला काही तासांपासून काही दिवसांपर्यंत अवधी लागतो. जुन्या काळी लांबच्या मुलखातून निघालेल्या व्यापाऱ्याच्या मालावर प्रत्येक घाटाच्या पायथ्याशी जकात घेतली जाई, आणि पेठेत पोहोचेपर्यंत मूळच्या नफ्यातील थोडाच त्याच्या हाती उरे. विश्वकिरणांच्या परिणामाचेही तसेच होते. नवजात कणांपैकी पुष्कळसे आधीच असलेल्या मोठ्या कणांना चिकटून नाहीसे होतात. उरलेल्यांना वाढण्यासाठी जी वाफ लागते ती मर्यादित असते, त्यामुळे कण अधिक जन्मले तर प्रत्येकाच्या वाट्याला ती कमी येते व सगळेच अधिक सावकाश वाढतात. शिवाय समुद्राचे मीठ, धूळ आणि धूर यांनी केंद्रांच्या बऱ्याच जागा अगोदरच अडवलेल्या असतात. २०१६ मध्ये क्लाउड प्रयोगातील सर्व मोजमापे सबंध पृथ्वीच्या गणिती प्रतिमानात घालून पाहिली, तेव्हा सौरचक्रासोबत विश्वकिरणांत जी घटवाढ होते, तिच्यामुळे मेघकेंद्रांच्या सरासरी संख्येत पडणारा फरक एक टक्क्याच्याही खाली राहतो, असे उत्तर आले. आयन कणांच्या पुढील वाढीलाही साहाय्य करतात, असे स्वेन्समार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रयोगाने दाखवले. परंतु तो लाभही काही टक्क्यांच्या पलीकडे जात नाही.

निरीक्षणांची साक्षही अशीच संमिश्र आहे. १९९७ च्या निबंधातील मेघ व विश्वकिरण यांचे जवळचे साहचर्य पुढील वर्षांचे आकडे मिळवल्यावर विसकटले. सौर वादळांनंतर विश्वकिरण एखाद्या दिवसात अनेक टक्क्यांनी घसरून काही दिवसांत पूर्ववत होतात. स्कॉट फोर्बुश यांनी १९३७ मध्ये प्रथम नोंदलेल्या या घसरणींच्या वेळी ढग कमी होतात काय, हे अनेकांनी शोधले, आणि कोणाला होकार, कोणाला नकार मिळाला. भूचुंबकत्वाच्या इतिहासातील एक दाखला तर विशेष बोलका आहे. सुमारे एकेचाळीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अतिशय दुबळे झाले होते, आणि त्या वेळी विश्वकिरणांचा मारा पुष्कळ वाढल्याची खूण ग्रीनलंडच्या बर्फात, विश्वकिरणांमुळेच तयार होणाऱ्या बेरिलियम-१० च्या वाढीव प्रमाणाने उमटली आहे. पण त्याच बर्फात हवामान तितक्याच प्रमाणात पालटल्याचा पुरावा सापडत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाचा बोलबाला झाला तो ज्येष्ठ अवकाशशास्त्रज्ञ उडुपी रामचंद्र राव यांच्या २०११ मधील 'करंट सायन्स'मधल्या निबंधाने. राव हे अहमदाबादेस विक्रम साराभाई यांच्या हाताखाली विश्वकिरणांचेच संशोधन करून पुढे आलेले. गेल्या दीडशे वर्षांत विश्वकिरण घटले, त्यामुळे सखल ढग घटले, आणि म्हणून जागतिक तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडचा वाटा मानला जातो त्याहून कमी असावा, असे त्यांनी प्रतिपादले. या प्रतिपादनापुढची मोठी अडचण ही, की १९५० च्या दशकापासून न्यूट्रॉनमापकांनी ठेवलेल्या अखंड नोंदींत विश्वकिरणांची अशी सतत घसरण दिसत नाही. उलट २००९ च्या सुमारास ते त्या नोंदींतील उच्चांकाला पोहोचले, आणि पृथ्वीचे तापमान मात्र त्याच अर्धशतकात सर्वाधिक वेगाने वाढले.

मॉन्सूनच्या बाबतीत तर भूगोलच या सिद्धांताच्या आड येतो. विश्वकिरण विद्युत्भारित असल्यामुळे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्यांना वळवते, आणि हे संरक्षण चुंबकीय विषुववृत्ताजवळ सर्वांत प्रबळ असते. दक्षिण भारत ते आग्नेय आशिया या पट्ट्यात तर ते जगात सर्वाधिक आहे; येथे उभ्या दिशेने शिरण्यासाठी प्रोटॉनाजवळ सुमारे सतरा अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा असावी लागते. सौरवाताच्या घटवाढीचा परिणाम मुख्यतः याहून कमी ऊर्जेच्या कणांवर होतो. म्हणून ध्रुवप्रदेशाच्या बाजूला सौरचक्राबरोबर विश्वकिरण पंधरा-वीस टक्क्यांनी बदलत असले, तरी आपल्याकडे तो बदल थोड्या टक्क्यांवर येतो. ज्या प्रदेशात सूर्याची ही दूरस्थ आज्ञा सर्वांत क्षीण होऊन पोहोचते, त्याच प्रदेशावर मॉन्सूनचे मेघ जमतात, आणि तेही अरबी समुद्राचे मीठ, वाळवंटाची धूळ व चुलींचा आणि वाहनांचा धूर यांनी केंद्रांची रेलचेल झालेल्या हवेत.

याउपर ढग आणि पाऊस या दोन गोष्टी एक नव्हेत. मेघातील बिंदूचा व्यास सुमारे वीस मायक्रॉन असतो, आणि पावसाचा एक मध्यम थेंब तयार होण्यासाठी असे दहा लाखांच्या आसपास बिंदू एकत्र यावे लागतात. मेघात केंद्रे जास्त झाली की तेच पाणी अधिक बिंदूंत वाटले जाते, बिंदू लहान राहतात, त्यांच्या टकरा कमी होतात आणि पाऊस पडण्यास विलंब लागतो. म्हणून विश्वकिरणांनी केंद्रे वाढवलीच, तरी त्यामुळे पाऊस वाढेल असे मानण्याचे कारण नाही. विशिष्ट परिस्थितीत तो कमीही होईल. मेघकेंद्रांचा पावसावरील हा दुहेरी परिणाम मोजण्यासाठीच पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २००९ पासून उपकरणांनी सज्ज विमाने ढगांत पाठवण्याची मोहीम हाती घेतली आणि पुढे महाबळेश्वरच्या माथ्यावर, जेथे पावसाळ्यात ढग जमिनीलाच टेकतात, मेघभौतिकीची प्रयोगशाळा उभारली.

तथापि सूर्य आणि मॉन्सून यांच्यातील नाते यामुळे खोटे ठरते असे नाही. ओमानमधील एका चुनखडीच्या गुहेतील ऊर्ध्वमुखी लवणस्तंभात, नऊ हजार ते सहा हजार वर्षांपूर्वीच्या काळातल्या थरांमधील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून त्या वेळच्या मॉन्सूनचे बलाबल काढून, संशोधकांनी २००१ मध्ये ते कार्बन-१४ च्या नोंदीशी जुळवले, तेव्हा दोन्ही वक्र आश्चर्यकारकपणे बरोबर चालताना दिसले. कार्बन-१४ विश्वकिरणांनी तयार होतो हे खरे. पण विश्वकिरण वाढतात तेव्हा सूर्यही शांत असतो, आणि त्याचा प्रकाश, विशेषतः जंबुपार किरण, कमी असतात. एकाच धन्याचे दोन नोकर नेहमी एकाच वेळी घराबाहेर पडत असतील, तर काम कोणी केले हे नुसत्या वेळेवरून ठरत नाही. विश्वकिरणांविषयीच्या बहुतेक सहसंबंधांची मूळ अडचण हीच आहे. आयनांचा आणखी एक मार्ग, म्हणजे जमीन आणि वरचे वातावरण यांमधून सतत वाहणारा सूक्ष्म विद्युत्प्रवाह ढगांच्या कडांवर भार साठवून त्यांतील बिंदूंच्या टकरांवर परिणाम करतो की काय, याचा अभ्यास ब्रायन टिन्स्ली आणि जाइल्स हॅरिसन यांसारख्या संशोधकांनी चालवला आहे, आणि त्याचा निकाल अद्याप लागायचा आहे.

या सर्व खटाटोपाचे फलित मात्र अनपेक्षित ठिकाणी हाती आले. विश्वकिरणांना न्याय देण्यासाठी बांधलेल्या त्या पोलादी कोठीत २०१६ मध्ये असे दिसून आले, की झाडांमधून, मुख्यतः सूचिपर्णी अरण्यांतून, उडणाऱ्या सुगंधी द्रव्यांचे ऑक्सिडीभवन झाल्यावर त्यांपासून गंधकाम्लाच्या मदतीवाचूनही नवे कण जन्माला येतात, आणि या वनस्पतिजन्य कणांच्या जन्माला आयनांचे साहाय्य दहा ते शंभर पटींनी उपयोगी पडते. याचा अर्थ असा, की कारखानदारी सुरू होण्यापूर्वीची हवा आपण कल्पिली होती तितकी कणशून्य नव्हती, आणि तेव्हाचे आकाशही पूर्वी मानले गेले होते त्यापेक्षा अधिक मेघाच्छादित असावे. मानवी धुराने मेघांत जी भर घातली तिचे माप याच जुन्या आकाशाशी तुलना करून काढायचे असते. म्हणून हे मूळ माप चुकले, तर हरितगृह वायूंनी होणाऱ्या तापमानवाढीला धुराचे ढग आज किती झाकून ठेवत आहेत, याचाही अंदाज चुकतो. विश्वकिरण पावसाचे सूत्रधार ठरले नाहीत. पण त्यांच्यावरील दाव्याची शहानिशा करण्याच्या निमित्ताने, औद्योगिक युगापूर्वीच्या हवेचे खरे स्वरूप काय होते आणि पुढील शतकाच्या तापमानाचे भाकीत कोणत्या आधारावर करावे, या दोन्ही प्रश्नांना पूर्वीपेक्षा पक्का पाया मिळाला.